बायचं नाव

इस्रायलमधल्या दिमोनाहून धाकट्या मामाचा फोन आला तेव्हा ठाण्यात सकाळचे सहा वाजले होते, म्हणजे त्याच्याकडे रात्रीचे अडीच. आजीला जाऊन चाळीसेक दिवस झाले होते. झोप लागत नाही, म्हणाला. मग थोडं इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाला, "ताईला विचार गं, आईच्या आईचं नाव काय होतं? दगडवाला मागतोय."

आमच्यात, म्हणजे ज्यूंत, थडग्याच्या दगडावर माणसाच्या नावापुढे कुणाचा मुलगा किंवा कुणाची मुलगी ते लिहितात. कुठे बापाचं नाव घालतात, कुठे आईचं. मृतासाठी हश्काबा नावाची प्रार्थना म्हणतात त्यात मामाच्या सिनेगॉगमध्ये आईचंच नाव घेण्याची रीत आहे. आजीच्या दफनाच्या दिवशी ते नाव कुणालाच सांगता आलं नव्हतं. मामानं घाईत "सारा" सांगून टाकलं. सारा आपली सगळ्यांचीच आई, म्हणून चालून गेलं. पण दगडावर सारा कोरायला त्याचा हात होईना.

आई मटार सोलत होती. मी विचारलं.

"बाय."

"अगं, बाय काय नाव आहे?"

"मग काय सांगू? सगळे बायच म्हणायचे. आई पण बायच म्हणायची."

झालं. १९२७ साली जन्मलेली (हे ओळखपत्रावरचं, त्याचंही पुढे येईल), रेवदंड्यात वाढलेली, मुंबईत लग्न होऊन आलेली, चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन पोरं आणि नवरा घेऊन नेगेवच्या वाळवंटात जाऊन राहिलेली, तिथेच एक्याण्णव-ब्याण्णव वर्षांची होऊन गेलेली बाई. तिच्या आईचं नाव जिवंत माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. दगडाला वर्षभराची मुदत होती. मामा तिथून काय शोधणार? काम माझ्याकडे आलं.

आधी थोडं आमच्याबद्दल सांगते, कारण ठाण्यात जन्म गेला तरी "तुम्ही ज्यू म्हणजे बाहेरून आलेले ना?" असं अजून विचारतात लोक. आम्ही बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही आमची मूळकथा. ती खरी किती, खोटी किती, हे विद्वानांनी बघावं. कोकणात घाणे चालवले, शनिवारी बैल जुंपले नाहीत म्हणून शनवार तेली झालो, गावावरून आडनावं पडली, शेवटी "कर" लागला. आजीच्या वडिलांचाही घाणा होता. आजीचं मराठी त्या घाण्याच्या अंगणातलं होतं आणि पन्नास वर्षं दिमोनात राहूनही ते जराही हललं नाही. उलट ठाण्यात राहून आमचंच बिघडलं.

शोध सुरू केला सिनेगॉगपासून. आजीच्या पिढीतले लोक त्याला मशीद म्हणायचे. मुंबईतल्या जुन्या सिनेगॉगला जुनी मशीद म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. ठाण्याचं शाआर हशामाईम १८७९ सालचं. तिथे नेहमी येणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या एका मावशींना गाठलं. त्या रेवदंड्याकडच्याच.

"तुझी आजी ना? लहानपणीच आई गेली तिची. आत्यानं वाढवलं. आत्या खमकी होती."

"पण आईचं नाव?"

मावशींनी बराच वेळ आठवलं. "बाय म्हणायचे बघ."

आजीची आई लहानपणी गेली हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आईला माहीत होतं, पण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मग रेवदंडा. ठाण्याहून एसटीनं वडखळ नाका, अलिबाग, तिथून पुढे दुसरी गाडी. नारळी-पोफळीतून रस्ता, पोर्तुगीज तटाच्या पडक्या भिंती, पलीकडे खाडी आणि कोर्लई. बेथ एल सिनेगॉग बाहेरूनच पाहिलं. कब्रस्तानात गवत माझ्या कमरेपर्यंत. दगड आहेत, मराठी आणि हिब्रू दोन्ही लिपीतले, पण खाऱ्या वाऱ्यानं अक्षरं पुसत आली आहेत. बोटानं चाचपून वाचायचे. तास-दीड तास चाचपले. आमच्या आडनावाचे चार सापडले, चारही पुरुषांचे. गरिबांच्या बायकांना दगड कोण लावणार होतं? दुपारी उन्हात बसून डबा खाल्ला आणि परत फिरले.

तालुक्याला जुनी कोतवाल बुकं असतात, म्हणजे गाव नमुना चौदा, जन्ममृत्यूच्या नोंदींचं पुस्तक. जातीच्या दाखल्यासाठी लोक ती हुडकतात. एका वकील मित्राच्या सांगण्यावरून अर्ज केला. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला किल्ली नव्हती, तिसऱ्या खेपेला दोन्ही होते. बुकं मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी सोबत नेले होते. त्यांनी भिंग काढलं आणि एकेक पान असं उलटलं की कागद नाही, पापड आहे. १९२७ मध्ये काही नाही. १९२८ मध्ये नाही. मी उठायच्या बेतात होते. ते म्हणाले, "थांबा, एवढं एक बघू." १९२९ चा ऑगस्ट. बापाचं नाव आमच्या पणजोबांचं. जातीच्या रकान्यात शनवार तेली. पुढे एकच शब्द, मुलगी.

मुलीचं नाव नाही. आईचं तर रकानाच नाही.

पण तारीख मिळाली. आजी ओळखपत्रापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाली. तिकडच्या ओळखपत्रावर तिच्या जन्माचा दिवस शून्य शून्य, महिना शून्य शून्य आणि साल १९२७ असं होतं. ज्यांना तारीख सांगता येत नाही त्यांचं असंच लिहितात. मामाला फोनवर सांगितलं तर तो हादरलाच. "म्हणजे एकोणनव्वद? अगं, सगळ्या दिमोनाला मी ब्याण्णव सांगून बसलोय!"

नावाच्या बाबतीत मात्र मी होते तिथेच होते.

आता पत्रांकडे वळले. खरं तर आधी तिकडेच वळायला हवं होतं, पण ती आईची. आईच्या कपाटात बिस्किटांच्या दोन डब्यांत आजीची पत्रं होती. निळे एरोग्राम, तीन बाजूंनी दुमडलेले, आणि जागा संपली की समासात उभं लिहिलेलं. १९७० साली आईचं लग्न झालं, पुढच्या वर्षी आजी-आजोबा आणि दोघे मामा गेले. आई राहिली. बाबांची रेल्वेतली कायमची नोकरी होती, सोडवेना. त्यानंतर आजी भारतात तीनदाच आली. बाकी सगळी आई त्या डब्यांत.

मी तारखेनं लावून वाचायला घेतलं. महिनाभर रोज रात्री.

पहिल्या दोन वर्षांची पत्रं वाचवत नाहीत. रेवदंड्याच्या ओल्या मातीतून उठून गेलेल्या बाईला वाळवंट कसं दिसलं असेल! "इथे झाड लावलं तर पाणी आपण द्यायचं, देव देत नाही." आजोबांना तिथे मनासारखं काम मिळालं नाही. आजी कापडाच्या कारखान्यात लागली. त्या गावात तेव्हा कापडाच्या गिरण्या होत्या आणि मोरोक्कोहून आलेल्या बायका आणि आमच्या बायका एकाच पाळीला उभ्या राहत. भाषा कुणाचीच कुणाला कळत नसे. "शेजारीण चांगली आहे. ती तिचं बोलते, मी माझं बोलते. भांडण होत नाही."

हिब्रू शिकायची एक वही तिनं केली होती. ती मला पुढे दिमोनात बघायला मिळाली. शाळेची दोनशे पानी वही, उभी रेघ मारलेली. डावीकडे देवनागरीत हिब्रू, उजवीकडे मराठी. लेखेम, भाकर. खलाव, दूध. कमा झे ओले, केवढ्याला. माखार, उद्या. सव्लानूत, धीर. या शेवटच्या दोन शब्दांखाली दोनदा रेघ ओढली होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "कचेरीत हेच सांगतात."

सणावारांची पत्रं मात्र लांबलचक. आजीनं सणांची नावं कधी बदलली नाहीत. रोश हशाना तिला नव्याचा सण, किप्पूर म्हणजे दरफाळणीचा, तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा करायचा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. मग नारळाचं दूध आणि साखर घालून घाटत राहायचं, हात मोडेपर्यंत. नारळाचं दूध यासाठी, की मटणाचं जेवण झाल्यावर आम्हाला गाईम्हशीचं चालत नाही. १९७२ चं पत्र सगळं हलव्याचंच आहे. तिथे नारळ नाही. कुणीतरी मुंबईहून येताना दोन आणले, त्यातला एक नासका निघाला. एका नारळाचा हलवा बारा घरांत वाटला. "प्रत्येकाला नखाएवढा आला. पण वास सगळ्या जिन्यात गेला."

१९७३ चं पत्र जेमतेम चार ओळींचं. लढाई दरफाळणीच्या दिवशीच सुरू झाली. थोरला मामा सिनायला होता. "मी एलियाहू हन्नबीला मलिदा बोलले आहे. तू पण बोल." आई बोललीही होती. मामा परत आला तेव्हा दोन्हीकडे मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि पाच फळं. एलियाहू हन्नबी म्हणजे आमचा एलिया प्रेषित, त्याच्यावर आजीची श्रद्धा विलक्षण होती. त्याच्या रथाची तसबीर तिनं मुंबईहून कपड्यांत गुंडाळून नेली होती. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नबीचा टापा आहे, खडकावर घोड्याच्या टापांच्या खुणा. म्हातारपणी आली तेव्हा गुडघे धरत तिथवर चढली आणि त्या खडकाशी इतका वेळ बोलत बसली की आम्हाला शेवटची गाडी चुकेल की काय असं वाटायला लागलं.

१९९१ च्या पत्राला मी एकटीच रात्री मोठ्यानं हसले. आखाती युद्धात घराघरांत गॅसचे मुखवटे वाटले होते. "सोंड लावल्यावर शेजारीण गणपतीसारखी दिसते. तिला गणपती कोण ते सांगता येत नाही म्हणून मी एकटीच हसते."

असं वाचत वाचत डब्यातलं १९७६ चं पत्र हाती आलं. मुद्दाम तसंच उतरवते.

"थोरल्याचं लग्न ठरलं. मुलगी मोरोक्कोची, सालस आहे. पण लग्न नोंदवतात त्या कचेरीत अडवलं आहे. माझ्या आईचं नाव पाहिजे म्हणतात, तिच्या आईचं पाहिजे, आणि तिच्याही आईचं. मला आईचं नाव ठाऊक नाही हे त्या कारकुनासमोर सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, घरी लिहून ठेवलं आहे, आणते. आता तू रेवदंड्याला जा. आत्या आहे तोवर विचारून घे."

हे वाचून मी आधी चिडले, मग बाकीच्या गोष्टी लक्षात येत गेल्या. १९६२ साली तिकडच्या मुख्य धर्मगुरूंनी सूचना काढल्या होत्या. बेने इस्रायलचं लग्न बाहेरच्या ज्यूंशी लावायचं असेल तर आईकडून मागच्या पिढ्या तपासा, जमेल तितक्या मागे. आपले लोक पक्के ज्यू आहेत की नाहीत याची शंका! १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, पोराबाळांसकट. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक बसली आणि पुढे सूचनांमधून बेने इस्रायल हे नाव काढलं गेलं. इतिहासात ते प्रकरण तिथे संपतं. आजीच्या पत्रात ते बारा वर्षांनी एका कारकुनाच्या टेबलावर अजून चालू होतं.

आणि आजीला स्वतःलाच बायचं नाव माहीत नव्हतं. चार वर्षांची असताना आई गेली, सगळे बाय म्हणत, तीही बायच म्हणत राहिली. तिनं दोन मुलगे, एक मुलगी, सात नातवंडं आणि जिन्यातल्या निम्म्या मोरोक्कन पोरांना न्हाऊमाखू घातलं. कुणी तिला कधी हे विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पत्र घेऊन आईकडे गेले. चष्मा लावून तिनं ते दोनदा वाचलं.

"गेले होते खरी मी," ती हळूच म्हणाली. "तुला घेऊन. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच होती तेव्हा. तू बोटीत उलटी केलीस माझ्या नव्या पातळावर."

"आणि नाव?"

"आत्यानं सांगितलं. पलंगावर पडूनच होती. मी लिहून घेतलं आणि आईला कळवलं."

"मग तुला आठवत नाही?"

"अगं, दोन वर्षांचं पोर, पंधरा तासांचा प्रवास, घरी सासरे आजारी. नाव पाकिटात घातलं नि डोक्यातून गेलं." मग तिला एकदम रडू आलं. इतके दिवस आजी गेल्यावरही ती अशी रडली नव्हती. मी शेजारी बसून राहिले, दुसरं काय करणार.

म्हणजे आजीची पत्रं इथे होती आणि आईची उत्तरं तिथे. अर्धा संवाद ठाण्यात, अर्धा दिमोनात. इतक्या वर्षांत कुणी ते एकत्र ठेवून वाचले नव्हते. मामाला फोन लावला. तो म्हणाला, आईच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे, पण त्यात सगळी बिलं आहेत. बघ तरी, म्हटलं. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा फोटो आले, सगळे हललेले. मामा पंधराव्या वर्षी गेला, त्यामुळे मराठी वाचतो, पण पहिलीतल्या मुलासारखं अक्षराला अक्षर लावत. त्याला हवं ते पत्र ओळखता आलं नव्हतं, म्हणून दिसेल त्याचा फोटो काढत सुटला होता. नववा फोटो आईच्या अक्षरातला, १९७६ चा. त्यात एकाखाली एक तीन नावं होती, प्रत्येकीपुढे माहेर.

ती नावं मी इथे लिहीत नाही. घरातल्या बायकांची आहेत आणि पहिलं आता दगडावर आहे.

मामाला वाचून दाखवलं. तो तिकडे काही बोलेना. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "हे नाव तर आमच्या मधल्या मुलीचं आहे." तिच्या जन्माच्या वेळी आजीनं हट्टानं हेच ठेवा म्हणून सांगितलं होतं. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

दगडावर जन्मतारीख घालायची नाही असं ठरलं. एकोणनव्वद की ब्याण्णव यावर मामा-मामींचं जुंपलं होतं, त्यापेक्षा बरं. मराठीची एक ओळ मात्र हवी, यावर थोरली मामी अडून बसली, तीच मोरोक्कोची. दगडवाल्याला देवनागरी येत नव्हती. मी मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं. त्यानं इतकं इमानानं कोरलं की माझ्या कागदावर पेन अडकून पडलेला एक जास्तीचा ठिपकाही दगडात आला. तो अनुस्वार नाही, पण कोण सांगणार?

वर्ष भरायच्या आत, डिसेंबरात आम्ही गेलो, आई आणि मी. सामानात चार किलो पोहे होते. तिथे आता मिळतात, तरी नेले. कब्रस्तान गावाबाहेर, वारा असा की टोपी धरून ठेवावी लागते. दहा पुरुष जमले. हश्काब्यात मामानं बायचं नाव घेतलं, जरा मोठ्यानंच. प्रत्येकानं एकेक खडा उचलून दगडावर ठेवला. आईनं रेवदंड्याच्या किनाऱ्यावरचा एक गोटा पर्समधून काढला. तो मी त्या दिवशी डब्याबरोबर आणला होता, तिनं कधी उचलला ते मला कळलं नव्हतं.

घरी आल्यावर मलिदा झाला, तो थोरल्या मामीनं केला. पोहे निवडताना ती मराठीत पुटपुटत होती, "खडा आहे, खडा नाही." आजीनं शिकवलं तसं. सगळे ताटल्या घेऊन बसल्यावर मामानं ती पत्र्याची पेटी काढली आणि आईचं पत्र तिच्या हातात दिलं. वाच म्हणाला, सगळं वाच. आईनं तीन नावं वाचली. मग आत्याची तब्येत, लाँचचं तिकीट, रेवदंड्यात नारळाला आलेला भाव. खाली समासात उभी एक ओळ होती. ती वाचताना तिला हसू आवरेना, शेवटी पत्र माझ्याकडे देऊन म्हणाली, तूच वाच, तुझंच आहे.

"पोरीनं बोटीत उलटी केली. बाकी सर्व खुशाल."